बाईंच्या चुका

"थांबा! काल कप डाव्या हातात होता," वहीताई म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्याच.

कॅमेरा थांबला. खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या उजव्या हातातल्या कपाकडे पाहिलं, मग वहीताईंकडे.

"डाव्या?"

"डाव्याच. माझ्या वहीत आहे."

दिग्दर्शकाने फोटोग्राफरकडे नजर टाकली. प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवायचं खूळ त्याने या सिनेमापासूनच काढलं होतं. फोटोग्राफरने मोबाइल पाहिला, मान किंचित हलवली आणि मोबाइल खिशात घातला.

"घ्या, बाई, डाव्या हातात," दिग्दर्शक म्हणाला. "एक टेक तसाही घेऊ."

वहीताई खाली बसल्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एका शॉटमध्ये अर्धा भरलेला कप पुढच्या शॉटमध्ये रिकामा दिसू नये, उघडं बटण आपोआप लागू नये, हे बघायचं त्यांचं काम. कंटिन्युइटीचं. त्यातच केस पिकले. हा दिग्दर्शक एके काळी त्यांच्या हाताखाली होता. तेव्हा अगदी काडी होता, म्हणून त्या त्याला काड्या म्हणायच्या. आता शर्टाची बटणं पोटावर ताणली जात होती, तरी त्यांच्यासाठी तो काड्याच.

सिनेमा होता अल्झायमर झालेल्या एका आईचा आणि तिला सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलेल्या घराचा. आईचं काम बाई करत होत्या. बाई म्हणजे कसलेली नटी. पानभर संवाद एका वाचनात पाठ. आणि त्याच बाई आता रोज चुकत होत्या.

आजचंच बघा. सीन ऐन रंगात आला आणि बाई मध्येच चष्मा शोधू लागल्या. आधी डोक्यावर हात, मग गळ्याशी, मग खुर्चीच्या फटीत, पुन्हा डोक्यावर. वहीताईंनी भराभर कागद उलटले. असलं काही लिहिलेलं नव्हतं. नीट बघावं म्हणून चष्मा लावायला गेल्या, तर तो मेला जागेवर नाही. चाचपून चाचपून थकल्या, तेव्हा मांडीवर सापडला. मान वर केली, तर बाई टक लावून त्यांच्याकडेच बघत होत्या. दिवसातून दहादा बघायच्या. ती नजर वहीताईंना सोसवेना.

त्या उठल्या, सेटला एक फेरी मारली, परत बसल्या, परत उठल्या.

दुपारी जेवायला निघाल्या, तर बाई म्हणाल्या, "ताई, आत्ताच तर जेवलो की आपण. शेजारीशेजारी बसून."

बिचारीला भुकेचंही भान उरलं नव्हतं!

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, जेवलीस?"

"कसली जेवतेय! इथे बाईंची तऱ्हा निराळी. ते राहू दे. परीक्षा तोंडावर आलीय, फोन ठेव आणि अभ्यासाला बस."

"बसते," लेक म्हणाली.

चार वाजता वहीताईंना राहवेना. दिव्यांच्या वायरी ओलांडत त्यांनी दिग्दर्शकाला जिन्यापाशी गाठलं.

"काड्या, सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. बाईंचा हा अभिनय नाही रे. बाईंना खरंच ते झालंय."

त्याने मान खाली घातली.

"तुला माहीत होतं!"

"ताई..."

"सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच सगळे असे जपून बोलता. घरी बसवलं तर खचतील, म्हणून कामावर येऊ देता. हो की नाही?"

"हो," तो म्हणाला. "ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांना कसं घरी बसवायचं? तोंडच उघडत नाही, ताई."

"मग मी बोलते. घरचं कोण आहे?"

"मुलगी. पाचला येते रोज न्यायला."

पाचला ती आली. चाळिशीची असेल, कानाशी केस पिकलेले, खांद्याला ऑफिसची बॅग. दारातून ती थेट बाईंकडे गेली. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, कानाशी काहीतरी बोलल्या. लेकच ती, वहीताईंना खूण पटली. त्यांनी तिला खुणेने बोलावून शेजारी बसवलं.

"धीर धर हं, बाळ. तुझ्या आईची लक्षणं बरी नाहीत. तिला विसर पडायला लागलाय. साधा नाही, तो सिनेमातला."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"घरी त्रास होत असेल."

"चिडते मी. एकच गोष्ट दहादा विचारते ती. परवा ओरडलेच. मग रात्रभर स्वतःचाच राग आला."

"माणूस म्हटलं की चिडणारच. पण ती मुद्दाम करत नाही, एवढं ध्यानात ठेव. आणि एकटीने ओढू नकोस. मदत माग. लाजू नकोस."

तिने वहीताईंचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "एक दिवस ती मला ओळखणारच नाही, याची भीती वाटायची."

"वेडी की काय!" वहीताईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "दुनिया विसरेल, पण पोटच्या पोरीला कुठली आई विसरते?"

तिने डोळे पुसले. वहीताईंच्या पायातून निसटलेली चप्पल वाकून सरळ केली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि म्हणाली, "चल आई, घरी जाऊ."