खांबावरचं नाव

वोलोस बंदराच्या धक्क्यावर पाहुण्यांना गाव दाखवत फिरणारा अर्गिरिस विजेच्या खांबापाशी थांबला. "आमच्याकडे कुणी गेलं की असा कागद लावतात," तो म्हणाला.

"वाचा की," एक बाई म्हणाली.

त्याने हौसेने सुरुवात केली, "आमचा लाडका अर्गिरिस मानोलास..." आणि त्याची जीभ अडखळली. नाव त्याचंच होतं. खालच्या ओळींवर कुणीतरी गाण्याच्या कार्यक्रमाची जाहिरात डकवली होती.

आजोबांचं नाव तिघा चुलत भावांना ठेवलेलं. घोळ नको म्हणून गावाने एकाला जाड्या केलं, एकाला लंबू आणि याला बडबड्या. पण मेल्यावर कागदावर टोपणनाव कोण छापतं?

जाड्याबरोबर त्याची रोजची कॉफी. लंबूशी मात्र आजोबांच्या होडीवरून भांडण झाल्यापासून बोलणं बंद. त्याने जाड्याला फोन लावला. जाड्या उचलेना. 'देवा, लंबूच असू दे,' असं पुटपुटत तो पाहुण्यांना तिथेच सोडून पुन्हा फोन लावत जाड्याच्या घराकडे पळत सुटला.

वळणावर समोरून धापा टाकत आलेल्या माणसाने त्याला कडकडून मिठी मारली. लंबू! ढसाढसा रडत होता.

"गाढवा, जिवंत आहेस तू! तो कागद वाचला आणि मला वाटलं, तूच गेलास. मी तुझ्याच घरी निघालो होतो रे!"

 बडबड्याच्या हातातल्या फोनवर रिंग अजून वाजतच होती. लंबूने पडद्यावरचं नाव पाहिलं आणि त्याची मिठी सैल पडली.

"म्हणजे... आपला जाड्या?"