मानेवरची नळी

सहाही उंदरांना काल संध्याकाळी एका पिंजऱ्यात ठेवलं ते कौतिकनंच. सकाळी साडेसातला कॉलेजच्या प्राणिघरात येऊन त्यानं झाकण उघडलं आणि एकेक उंदीर उचलून पाहिला. आदला सबंध दिवस खपून सुनंदा मॅडमनी एकेका उंदराच्या गळ्यातल्या शिरेत शेवईएवढी बारीक नळी बसवली होती, कातडीखालून नेऊन तिचं टोक मानेवर बाहेर काढलं होतं. आता एकाच्याही मानेवर टोक म्हणून दिसत नव्हतं. पार कातडीपर्यंत कुरतडलेलं. आतल्या नळीत रक्त गोठून बसलं, म्हणून जीव तेवढे वाचले होते.

भ्यालेला माणूस करतो तेच त्यानं केलं. भुशातले तुकडे वेचून खिशात घातले आणि उंदीर ज्याच्या त्याच्या पिंजऱ्यात ठेवून दिले. प्राणिघराची राखण करत अकरा वर्षं रोजंदारीवर काढली होती बिचाऱ्यानं, आणि याच महिन्यात त्याला कायम केल्याचं पत्र निघणार होतं.

मॅडम आठला आल्या. त्यांनी पहिला पिंजरा पाहिला, दुसरा पाहिला. तिसऱ्याशी वाकल्या आणि तशाच मागे येऊन स्टुलावर बसल्या.

"नळ्या आत निसटल्या," त्या म्हणाल्या. "आतल्या गाठीच सुटल्या, कौतिकभाऊ. सगळ्यांच्या."

नळी शिरेला बांधणाऱ्या त्या रेशमी गाठीनं त्यांना याआधी दोनदा दगा दिला होता. हे शेवटचे उंदीर. मार्च ब्याण्णवला पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत होती, आणि दोन वर्षांची मुलगी जळगावजवळ पिंप्राळ्याला सासूबाईंकडे ठेवून मॅडम इथे धुळ्यात खोली घेऊन राहिल्या होत्या. त्यांनी वहीतला कागद फाडला आणि मार्गदर्शकांना पत्र लिहायला घेतलं. हे काम माझ्या हाताला जमणारं नाही, मी थांबते. लिहिता लिहिता त्या पुटपुटत होत्या, त्यामुळे कौतिकला सगळं ऐकू येत होतं.

गप्प राहिलो तर ही बाई आजच्याच एसटीनं जळगावला जाईल आणि जन्मभर स्वतःच्या बोटांना दोष देईल, हे त्याला कळत होतं. बोललो तर आपलं पत्र गेलं, हेही कळत होतं. जानेवारीच्या थंडीत तो खिशातले तुकडे चाचपत उभा राहिला.

"तुम्ही इतक्या जणांचं काम पाहिलंय," मॅडमनी मान वर न करता विचारलं. "खरं सांगा. माझ्या हातातच खोट आहे ना?"

एरवी त्यांच्याशी तो जपून, शहरी बोलायचा. आता घरचीच अहिराणी तोंडाला आली.

"नही मॅडम. नळी मानवर कसाले काढतस? उंदीरनं सोतानं तोंड तठे पोचत नही. ते कुरतडानं काम दुसराच उंदीर करू शकस."

पेन थांबलं.

"मी बठ्ठा एकाच पिंजरामा ठेवेल व्हतात."

"सगळे एकत्र? का?"

"एकला एकला कुडकुडी ऱ्हायंतात. आमना घर करडू बी चिपकीसन निजतस."

मॅडम उठल्या. पहिला उंदीर हातात घेऊन त्यांनी कातडीशी उरलेला नळीचा शेंडा चिमट्यात धरला आणि हळूच ओढला. तो आला नाही. थोडा जोर लावला, तरी आला नाही.

"गाठ घट्ट आहे," त्या म्हणाल्या. मग दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सहाव्याला त्यांना रडू फुटलं. कौतिक शेजारी उभा आहे, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "हात चुकला असता तर मुदतवाढ मिळाली नसती. राखणीत चूक झाली असेल तर प्राचार्य नवे उंदीर मागवून देतील. पण ते लेखी लागतं…" त्याच्या कायम होण्याचं त्यांनाही ठाऊक होतं.

कौतिकनं त्यांच्याच पत्राचा कागद उलटा केला आणि पेन मागून घेतलं. लिहायची सवय नव्हती, एकेक अक्षर कोरत गेला. सहाही उंदीर मीच एकत्र ठेवले, एवढं लिहून तो थांबला.

"मॅडम," त्यानं विचारलं, "थंडी व्हती, हे बी लिखू का?"