अकलूजची लाइन

"अकलूज लागंल का आज, खाजाभाई?"

शहाजीनं पायरीशी चपला काढल्या आणि तो आत आला. विजापूर वेशीतलं हे दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं झालं होतं. कोपऱ्यात चादरीखाली गेमचं एक जुनं मशीन मात्र अजून उभं होतं.

खाजाभाईनं त्याला लगेच ओळखलं. बावीस वर्षांमागं हा कुंभारीहून सायकल मारत कॉलेजला यायचा, आणि कॉलेज सोडून इथं बसायचा. आता कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"अजून अकलूजच्या मागं हायस व्हय?"

"एकदा तरी जिंकायचंय की. दुधनीत मास्तर झालो, पोरगी कॉलेजला गेली. हे तेवढं राहिलंय."

अकलूज बंद झालं, एवढं खाजाभाईनं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण गेले त्रेचाळीस दिवस तो येईल त्याला एकच गोष्ट सांगत होता, त्याची बायको शमशाद गेली म्हणून. तीच गोष्ट दुसऱ्या नावानं परत सांगणं त्याच्या जिवावर आलं.

कारण अकलूज म्हणजे शमशादच होती.

झालं होतं असं. खाजाभाईच्या मेहुण्याचं अकलूजला गेमचं दुकान होतं. टेलिफोनच्या लाइनवरून दोन्हीकडची मशीनं जोडायची, इथल्या पोरांनी तिथल्या पोरांशी मारामारीचा गेम खेळायचा, असं दोघांनी ठरवलं. खाजाभाई उतावळा. त्यानं आधी पाटी रंगवून घेतली, 'अकलूजशी लढा'. पाटी लागली, पोरं जमली, आणि लाइन काही लागेना. आठ दिवस 'उद्या या' सांगून झालं. शेवटी शमशादच म्हणाली, "दुसरं मशीन स्वयंपाकघरात लावा. भिंतीतनं वायर घ्या. मी होते अकलूज."

"तुला येतंय व्हय?"

"लाटणं धरता येतंय, मग तो दांडा का न्हाई येणार?"

महिन्याभरात ती अशी तयार झाली की पेठेत तिला कुणी हरवेना. गेममधला पैलवान ती एकच घ्यायची, पोट सुटलेला, दाढीवाला. म्हणायची, "तुमच्यासारखा दिसतोय. ह्याला मार बसू द्यावासा वाटत न्हाई."

पण तिनं खाजाभाईला नाजनीनची, त्यांच्या लेकीची, शपथ घातली होती. हे कुणाला कळू द्यायचं नाही. खाजाची बायको परक्या पोरांशी मारामारी खेळते, हे पेठभर व्हायला वेळ लागला नसता. म्हणून भिंतीतल्या भोकात तो चिंध्या कोंबायचा आणि दुकानात टेप मोठ्यानं लावायचा. दुपारी कुकर बघायला ती मध्येच उठायची, तेव्हा तिचा पैलवान नुसताच उभा राहायचा. मग खाजाभाई इकडून ओरडायचा, "लाइन अडकली, थांबा जरा."

ती परत येऊन बसायची तर पैलवान होता तसा. एक फटका बसलेला नसायचा.

"किती भोळी पोरं हायत," जेवायला वाढताना ती हसायची. "लाइनच अडकली तर मारून काय उपयोग, असं वाटतंय बिचाऱ्यांना."

खाजाभाईलाही हसू यायचं. अख्ख्या पेठेत त्या दोघांनाच ठाऊक असलेली ही एक गोष्ट होती.

"बस," तो शहाजीला म्हणाला. "लाइन लागती का बघतो."

त्यानं चादर काढली, मशीन चालू केलं आणि तो आत गेला. गॅसच्या ओट्याशेजारी दुसरं मशीन होतं. समोर तिचं स्टूल, त्यावर तिनंच शिवलेली चिंध्यांची गादी. त्यावर बसायला त्याला धीर झाला नाही. तो उभाच राहिला. दाढीवाला पैलवान निवडला.

इतकी वर्षं गेमचं दुकान चालवलं, पण त्याला स्वतःला खेळता येत नव्हतं. पहिला डाव बघता बघता गेला. आता ओळखणार हा. मग तिचं बोलणं आठवलं, 'आधी खाली बसायचं. तो जवळ आला की लाथ.' त्यानं आपला पैलवान खाली बसवला, शहाजीचा पैलवान जवळ आला, लाथ लागली. पुन्हा बसला, पुन्हा लागली. दुसरा डाव त्याचा झाला.

तिसऱ्या डावात बटणावर नजर गेली. मधल्या लाल बटणाचा रंग तिच्या अंगठ्यानं झिजून पांढरा पडला होता. पडदा दिसेनासा झाला. त्यानं हात काढून घेतले आणि तोंडाला रुमाल लावला. आता मार बसणार, डाव संपणार.

डोळे पुसून बघितलं तर पैलवान तसाच उभा होता. समोर शहाजीचाही उभा होता, हात खाली सोडून.

खाजाभाईनं दांडा धरला. पैलवानाला खाली बसवलं, लाथ मारली. अकलूज जिंकलं.

तोंडावर पाणी मारून तो बाहेर आला. शहाजी चादरीची घडी घालत होता.

"हरलास की रं."

"हरलो. अकलूजपुढं कुणाचं चाललंय?"

"मध्येच लाइन अडकली हुती."

"व्हय," शहाजी म्हणाला. "कळलं की."

त्यानं पिशवीतून खजुराचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. चपला घातल्या. पायरी उतरला आणि तिथंच थांबला.

"गुरु, महिपती, तवाच्या सगळ्या पोरांनी मला पाठवलंय. भाभीच्या चाळिसाव्यालाच यायचं हुतं, पण शाळेत परीक्षा चालू हुत्या."

खाजाभाई दारापाशी आला.

"तुमी टेप कितीबी मोठा लावा, कुकरची शिट्टी ऐकू यायचीच," शहाजी म्हणाला. "तिसरी झाली की आमी बटणावरचे हात काढायचो, खाजाभाई. भाभी परत येऊन बसेपर्यंत कुणी मारायचं न्हाई, असं ठरलं हुतं आमचं."