नापास असल्याचा पुरावा

"तुम्ही नापास आहात, याचा पुरावा द्या," खिडकीतले क्लार्क म्हणाले.

कुंडलिक हसला. क्लार्क हसले नाहीत.

शहापूरच्या कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता. एक वाजता खिडकी बंद होणार होती. उरलेल्या जागा मग प्रतीक्षा यादीतल्या मुलांना जाणार होत्या. घड्याळात बारा वीस झाले होते.

कुंडलिकच्या बाजूला कुणाली उभी होती. आटगावातली त्याच्या शेजारच्या घरातली मुलगी. दहावीला एकसष्ट टक्के. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे, पण कागदावरची अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलायची. मुंबईच्या सरकारी दवाखान्याने तसा दाखला दिला होता. परीक्षेत तिने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, अशी सवलत होती.

"लेखनिक एक इयत्ता तरी खालचा लागतो," क्लार्क म्हणाले. "गेल्या वर्षी एकाने पदवीधर मावसभाऊ आणून बसवला. तेव्हापासून प्राचार्य पुरावा मागतात. लेखनिकाचा कागद नाही, तर प्रवेश नाही."

"मीच लिवणार, साहेब. दहावीलापन मीच लिवलं. नववी नापास हाय मी."

"ते चेहऱ्यावरून कसं कळणार?"

"आमच्या आटगावात कोनालापन विचारा."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"शाळा सोडल्याचा दाखला आहे का?"

"तो... एके ठिकानी दिलाय."

"काय काका तुमी!" कुणाली म्हणाली. "लोकांचे पास झाल्याचे कागद हरवतात. तुमी नापास झाल्याचा पन हरवलात?"

दवाखान्याच्या फेऱ्या कुंडलिकच्या बायकोने, वत्सलाने घातल्या होत्या. ती अंगणवाडीत सेविका होती. कुणाली तीन वर्षांची होती तेव्हापासून ती तिला ओळखायची. "पोर मठ्ठ नाय, तिला वाचून दाखवा," असं ती सगळ्यांना सांगायची. कोणी वाचून दाखवेना, तेव्हा ती स्वतःच बसली. रोज संध्याकाळी ओटीवर ती दहावीची पुस्तकं मोठ्याने वाचायची. कुणाली ऐकायची. कुंडलिक तांदूळ निवडत बसायचा आणि मधेच म्हणायचा, "तो त्रिकोण परत सांग गो."

"तुमाला कशाला त्रिकोण, काका?" कुणाली विचारायची.

"ऐकू दे त्यांना," वत्सला म्हणायची, आणि पुस्तकाआड हसायची.

दिवाळीनंतर वत्सला गेली. तेरावं झाल्यावर कुंडलिकने पुस्तक उचललं. ती ज्या पानावर थांबली होती, तिथून त्याने वाचायला सुरुवात केली. तो सावकाश वाचायचा. कुणाली त्याला चिडवायची, "काका, तुमच्या वाचनात तर दुसरा मार्च येईल."

परीक्षेच्या आदल्या दिवशी घोळ झाला. नववीतली प्रियांका लिहून देणार होती. तिला कांजिण्या आल्या. मुख्याध्यापक दहावी न झालेला, पण अक्षर बरं असलेला माणूस शोधत गावभर फिरले. कुंडलिकच्या ओटीवर येऊन ते टेकले, पाणी प्यायले. कुंडलिक थोडा वेळ सुपातले तांदूळ पाखडत राहिला.

मग म्हणाला, "मी हाय ना, गुरुजी. उद्या मला काय काम नाय."

आता बारा पन्नास झाले होते.

"बाजूला व्हा," क्लार्क म्हणाले. "मागे लोक आहेत."

कुणालीने खिडकीतून आपले कागद गोळा केले. दवाखान्याचा दाखला तिने सगळ्यात खाली ठेवला.

"चला काका. पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. या वेळी ती चिडवत नव्हती.

कुंडलिकने तिच्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग पिशवीच्या तळाशी हात घालून त्याने चौघडी घातलेला एक कागद काढला. थोडा वेळ हातातच धरला आणि खिडकीतून आत सरकवला.

"ह्यो चालंल का बघा."

क्लार्कनी तो उलगडला आणि रजिस्टरात उतरवता उतरवता मोठ्याने वाचला.

"कुंडलिक धाऊ विशे. दहावी, बाहेरून बसलेले. मराठी, गैरहजर. इंग्रजी, गैरहजर. गणित, गैरहजर..." त्यांनी सहाही विषय वाचले. "निकाल, अनुत्तीर्ण. वा! यापेक्षा पक्का पुरावा मिळायचा नाही."

त्यांनी कुणालीकडून तिचा फॉर्म परत घेतला आणि त्यावर शिक्का मारला. प्रवेश झाला.

कुणाली शिक्क्याकडे बघत नव्हती. कुंडलिकच्या त्या कागदाला दहावीचा फॉर्म भरल्याची पावती टाचलेली होती. पावतीवर पेपरांच्या तारखा लिहिलेल्या होत्या. तिने तारखा वाचायच्या आधीच अक्षर ओळखलं. ते वत्सलाकाकूचं होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "ही परीक्षा कंदीची?"

"यंदाचीच, मार्चची," क्लार्कनीच उत्तर दिलं. त्यांनी कागद परत दिला. "काय हो, फॉर्म भरलात, फी भरलीत, आणि एकाही पेपराला गेला नाहीत?"

कुंडलिकने कागदाची पुन्हा चौघडी घातली आणि खिशात ठेवली.

"गेलो ना, साहेब," तो म्हणाला. "सगळ्या पेपरांना गेलो. एकसष्ट टक्के पडले."