कवडूचा ग्लोव्ह

रोशनने फेकलेला चेंडू कवडूच्या ग्लोव्हमध्ये थाडकन बसला.

"बरोबर मधात," कवडू म्हणाला आणि त्याने चेंडू शेजारच्या बादलीत टाकला.

रोशनला चीड आली. सकाळपासून प्रत्येक चेंडूला बापाचं हेच चाललं होतं.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर म्हणून रोशन तीन हंगाम परदेशात पगारावर खेळला. शेवटच्या हंगामात त्याचे चेंडू भरकटू लागले. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर थेट बॅटवाल्याच्या खांद्यावर. क्लबने त्याला काढलं. काल रात्री तो भिलाईला घरी पोचला, तेव्हा बाबा झोपले होते. आता दुसऱ्या एका क्लबचा कोच चाचणीला बोलावत होता. येणार की नाही, ते आजच कळवायचं होतं.

म्हणून तो उजाडताच सेक्टरच्या मैदानावर पळायला आला. मागून त्याची बहीण मोनाली बाबांना स्कूटीवर सोडून सुपेल्याच्या बाजारात भाजी आणायला गेली. रोशन शाळेत होता तेव्हापासून त्याचे चेंडू कवडूच झेलायचा, स्टील प्लांटची ड्युटी करून आल्यावरही. आज रोशन फेऱ्या मारून आला, तर किटमधली कॅचरची जाळी तोंडावर चढवून म्हातारा स्टुलावर तयार बसलेला.

रोशनने आणखी एक फेकला. थाड.

"मधातच."

"बाबा, तुमी ग्लोव्ह सरकवून राहिले. बॉल जिकडे येते तिकडे नेता."

"मी कायले सरकवू?"

"मले बरं वाटावं म्हणून. इतक्या दुरून मले काय समजते? तिथं एक बॉल सीधा जात नव्हता."

"तिथलं मले माहीत नाही. इथं ग्लोव्ह होता तिथंच हाय."

"लहान पोरगा समजता काय मले?"

कवडूने ग्लोव्ह पुन्हा छातीसमोर धरला. "टाक."

रोशनने टाकला नाही. त्याने फोन काढला आणि तिथूनच कोचला सांगून टाकलं, "सर, मैं नहीं आ रहा. हाथ चला गया मेरा."

कवडू तसाच बसून होता, ग्लोव्ह पुढे करून.

मोनाली परत आली तेव्हा रोशन मैदानाच्या कडेला बूट सोडत होता.

"बाबाले समजव," तो म्हणाला. "खोटं बोलून करिअर वापस येत नाही. ग्लोव्ह सरकवून सरकवून झेलून राहिले होते."

मोनाली जागीच थांबली.

"तू त्याईले बॉल फेकला? मले वाटलं, नुसते तुझ्यापाशी बसाले आले." तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "भाऊ, बाबाच तुले सांगू नको म्हणे म्हणून आमी बोललो नाही. दिवाळीपासून बाबाले दोन्ही डोयानं काहीच दिसत नाही."