राज्याचा रकाना

अर्ज सगळा भरून झाला होता. फक्त 'राज्य' एवढा एक रकाना राहिला होता आणि फौजेतून निवृत्त झालेला बेळगुंदीचा नाईक भावकू त्यावर पेन धरून पाच मिनिटं बसला होता. टेबलापलीकडं सैनिक कल्याण कचेरीचा कारकून धनपाल चहा पीत होता. त्याला घाई नव्हती. पंच्याहत्तर सालापासून त्यानं ही पाच मिनिटं सात वेळा पाहिली होती. गाव कर्नाटकात घातलेलं भावकूनं कधी मानलं नव्हतं; दर वेळी शेवटी 'महाराष्ट्र' हेच उमटायचं.

भावकूची मागणी साधी होती. पासष्टच्या लढाईत त्याच्या मांडीत तोफगोळ्याची कपची घुसली होती. लढाईचं एक आणि जखमेचं एक, अशी दोन पदकं त्याला लागू होती. नोंद मात्र एकाचीही नव्हती. पहिल्याच्या याद्या झाल्या तेव्हा तो इस्पितळात पालथा पडून होता. दुसरं सरकारनं काढलं तेव्हा तो घरी येऊन रताळी काढत होता.

नोंद दुरुस्त करून मिळत होती. पण अर्ज ज्या त्या राज्याच्या कार्यालयातून पुढं जायचा. भावकूनं 'महाराष्ट्र' लिहिलं की तो हद्दीपलीकडं जायचा आणि आठ महिन्यांनी शेरा घेऊन परत यायचा : 'सदर गाव आमच्याकडे आढळत नाही.' पहिल्यांदा हे वाचून भावकू दोन दिवस जेवला नव्हता. गाव जागेवरच होतं. तो रोज तिथंच झोपत होता. पुढं पुढं धनपाल अर्ज जागच्या जागी परत द्यायला लागला. "हा रकाना बदला," एवढंच म्हणायचा.

"नाईक, तुमाला पदक पायजे का राज्य?" त्यानं एकदा विचारलं होतं. धनपाल चिकोडीकडचा. घरी कन्नड, कचेरीत मराठी, साहेबापुढं इंग्रजी. त्याचं कुणाशीच भांडण नव्हतं.

"दोन्ही. तितं गोळे पडत हुते तवा मागं सरलो न्हाई. हितं एका रकान्यासाठी सरू व्हय?"

याचा परिणाम पंधरा ऑगस्टला दिसायचा. शाळेच्या झेंडावंदनाला पदकवाले माजी सैनिक पहिल्या रांगेत बसत. भावकू दुसऱ्या रांगेत, दूध सोसायटीच्या सेक्रेटरीशेजारी. निघताना बायको जयाबाई त्याला काळा लोकरी कोट घालायची आणि डाव्या छातीवरची धूळ झटकायची. जरा जास्तच वेळ झटकायची.

"कोट डावीकडं वढतोय गं."

"आतनं कापूस भरलाय. पावसाळी हवा, छातीत गारठा भरतोय तुमच्या."

"मग उजवीकडच्या छातीला गारठा न्हाई व्हय?"

"हालू नगा."

यंदा एप्रिलात टिळकवाडीतल्या डॉक्टरनं जयाबाईचे डोळे तपासले. काचबिंदू. डावा गेल्यातच जमा, उजवा वर्षभर धरेल, म्हणाला. परतताना बसमध्ये भावकू तिच्या हाताकडं बघत बसला. त्या मोकळ्या छातीवर तिनं इतकी वर्षं हात फिरवला होता. तिथं पदक लागलेलं तिला दिसायला हवं होतं. येत्या पंधरा ऑगस्टला. पुढचा कुणी पाहिलाय.

पेन खाली आलं. भावकूनं 'कर्नाटक' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सवय नव्हती.

"तोंड काय बगतोस," तो म्हणाला. "मार शिक्का."

धनपालनं शिक्का मारला नाही. त्यानं कप खाली ठेवला, कपाटातून एक फाईल काढली आणि भावकूपुढं उघडली.

"नाईक, तुमची नोंद अठ्ठ्याहत्तर सालीच दुरुस्त झाली. पदकं पण आली."

भावकूनं कागद पाहिला. अर्ज त्याचाच, सहीही त्याचीच. पण 'महाराष्ट्र' खोडलेलं होतं आणि शेजारी मोठ्या, सुट्या सुट्या अक्षरांत 'कर्नाटक' होतं. प्रौढ शिक्षण वर्गातलं ते अक्षर तो ओळखत होता. त्याच अक्षरात खाली, पदकं मिळाल्याची सही होती : जयाबाई.

"त्या साली तुमी अर्ज हितंच टाकून रागानं गेलतासा," धनपाल म्हणाला. "दुसऱ्या दिवशी आक्का रताळ्याची बुट्टी घेऊन आल्या. म्हणाल्या, तेवढा रकाना मी लिवते."

"आणि मला चार वर्षं फिरवलंस?"

"मी कुठं फिरवलं? पदकं आली का, असं तुमी कवा इचारलं? दरसाल नवा अर्ज आणायचा आणि तेच लिवायचं. आक्कांनी शब्द घेतलता माझ्याकडनं. ज्या दिवशी ते आपल्या हातानं लिवतील त्या दिवशी सांगा, म्हणाल्या. आदी कळलं तर पदकं परत करतील."

भावकूनं विचार करून पाहिला. त्यानं खरंच परत केली असती.

"कुठं ठेवल्यात तिनं?"

"ते घरात इचारा."

तो बेळगुंदीला पोचला तेव्हा जयाबाई सोप्यात तांदूळ निवडत होती. निम्मे डोळ्यांनी, निम्मे बोटांनी.

"आज लिवलं मी," तो म्हणाला.

तिची बोटं थांबली. "मग कळलं म्हणायचं."

"चार वर्षं त्या दूधवाल्याशेजारी बसलो मी. पदकं कुठं हाईत?"

जयाबाईनं खुंटीवरच्या कोटाकडं मान वळवली.

"डाव्या अंगाला, अस्तराच्या आत, कापसात. त्यांच्याबिगर एकदाबी तुमाला झेंड्याला धाडलं न्हाई मी."