पन्नासावं नाव

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ओहायोतल्या आमच्या टायर कारखान्यातून एकोणपन्नास जणांना काढलं. पन्नास झाले असते, तर कायद्याने साठ दिवस आधी नोटीस द्यावी लागली असती.

आमच्या पाळीतला फोरमन वेंडेल तेवढा वाचला. "साहेबांचा लाडका!" लॉकर रिकामे करताना आम्ही टोमणा मारला. तो तणतणत ऑफिसात, कपातीची यादी करणाऱ्या जोॲनकडे गेला. ओळखपत्र परत द्यायला मी तिथेच उभा होतो.

"जोॲन, माझंही नाव घाल. होऊ देत पन्नास!"

"पन्नासावं नाव तुझंच होतं," जोॲन हळूच म्हणाली. "तुला तीन महिन्यांनी काढणार आहेत. नव्वद दिवस उलटले, की कायदा ही माणसं तुझ्याबरोबर मोजत नाही."

वेंडेलने विचारलं, "तेव्हा तरी आधी सांगतील ना?"

"एकट्या माणसाला कसली रे नोटीस?"